घरातली पहिली

४ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र नेहमीप्रमाणे कारखान्याच्या पत्त्यावर मिळालं. फाटकावरचा रखवालदार आता मला पाहिलं की लांबूनच ओरडतो, "ताई, मावशी आली!" नवीन लोक दचकून मागे बघतात.

फोनवर मी 'हो', 'नाही' आणि 'बघते' याखेरीज काही बोलत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. म्हणून दोन गोष्टी लिहूनच कळवते.

पहिली. आईचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलं आहे. हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी यश येण्याची टक्केवारी सांगितली आणि आकडा चांगला असल्याचंही सांगितलं. तेवढ्या आकड्यावर मी आजवर एकही बॉयलर पास केलेला नाही. तू ऑपरेशनच्या आधी येशील का? आई स्वतः म्हणणार नाही. ती कुणालाच काही म्हणत नाही. पण परवा दवाखान्यात बाजूच्या बाईंची बहीण त्यांचे केस विंचरत होती आणि आई बराच वेळ तिकडे बघत होती.

दुसरी. मी एका वर्गाला जायला लागले आहे. विक्का शिकते. आमच्याकडे क्रेन चालवणारी बाई तिथे जाते, तिने नेलं. धोब्याच्या दुकानावरची खोली आहे. खालच्या इस्त्र्यांमुळे जमीन गरम असते आणि सगळीकडे साबणाचा वास. दर गुरुवारी आम्ही गोल करून बसतो. चार दिशांना चार वस्तू: मेणबत्ती, पाण्याचा पेला, मूठभर माती, पक्ष्याचं एक पीस. सध्या फक्त गप्प बसायला शिकवतात. त्यात मला आधीपासूनच पैकीच्या पैकी गुण आहेत.

का जाते, हे तू विचारशील. मी दिवसभर वेल्डिंगच्या जोडांतून ध्वनिलहरी सोडते. आत तडा असेल तर पडद्यावर रेघ उसळते आणि मी खडूने खूण करते. मग तो जोड खणून पुन्हा भरतात. आईच्या बाबतीत तपासणारे दुसरे, भरणारे दुसरे. माझ्या हातात खडूसुद्धा नाही.

येण्याचं नक्की कळव.

तुझी,
मोजपट्टी

२१ मार्च

प्रिय मोजपट्टीस,

अनेक आशीर्वाद. विक्का म्हणजे काय गं बाई? मला आधी बिस्किटाचा नवा प्रकार वाटला. दुकानात येणाऱ्या मास्तरांना विचारलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "धर्म आहे." म्हटलं, अहो, माझी भाची देवळात गेली तरी खांबाला तडा आहे का बघते, ती कसला धर्म घेतेय!

थट्टा सोड. तू काहीतरी करतेयस, हे मला आवडलं. नुसती आकडे बघत बसली असतीस तर मला जास्त घोर लागला असता. पण एक सांग. त्याचा उपयोग आहे का? की डोळे मिटून चार बायकांनी चार सुस्कारे टाकायचे आणि घरी यायचं? आणि ते लोक तुला भलतंसलतं काही करायला लावत नाहीत ना? नीट चौकशी कर. तू कर म्हटलं की करशीलच, तुझ्यापुढे पोलीससुद्धा नांगी टाकेल.

ताईचं ऐकून वाईट वाटलं. माझं येणं मात्र कठीण दिसतंय. दुकानातली चष्म्याच्या काचा घासणारी मुलगी बाळंतपणाला गेलीय आणि मी एकटीच आहे. सकाळपासून लोक 'हे दिसतंय, ते दिसत नाही' करत असतात. डॉक्टर चांगले आहेत ना? मग झालं तर. मी इथून तिची काळजी करीनच.

तू जेवतेस का वेळेवर? तो शेवटचा फोटो पाठवलास त्यात गळ्याची हाडं मोजता येत होती.

तुझी,
मावशी

२ एप्रिल

प्रिय मावशी,

उपयोग आहे का, हा प्रश्न मी शिकवणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी विचारला होता. त्या निवृत्त ग्रंथपाल आहेत. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे फार जुनं आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आत्ता आत्ता, माणसांनी बसून रचलेलं आहे." मला हे पटलं. रचलेल्या गोष्टीची तपासणी करता येते.

आतापर्यंतचा माझा अहवाल असा. मेणबत्ती लावून इच्छा धरल्याने कोणतीही वस्तू हललेली मी पाहिलेली नाही. चंद्राच्या कलांची माहिती बरोबर आहे. औषधी पाल्याची निम्मी माहिती बरोबर आहे, उरलेल्या निम्म्या माहितीबद्दल मी बाईंना सांगितलं आणि त्यांनी ती खोडली. नियम एकच आहे: कुणाला इजा होत नसेल तर तुला हवं ते कर. हा नियम वाचायला सोपा आहे. वापरायला घेतला तर दिवसभरात जवळजवळ काहीच करता येत नाही.

एक गोष्ट मात्र मला मुळीच पटत नाही. बाई म्हणतात, मनापासून उच्चारलेला शब्द काम करतो. तो सोडला की परत घेता येत नाही, जिथे लागायचा तिथे लागतो. म्हणून बोलण्याआधी शब्द तोंडात धरून बघायचा. मी म्हटलं, शब्द म्हणजे हवेतला दाब, थोड्या अंतरावर तो विरतो. माझा रोजचा धंदाच तो आहे. या मुद्द्यापुढे मी 'पुरावा नाही' असा शेरा मारला आहे.

शिक्षण वर्षभराचं आणि वर एक दिवसाचं. शेवटी ज्याला हवं त्याने सर्वांसमोर स्वतःला चेटकीण म्हणवून घ्यायचं. पुरुषांनाही तोच शब्द. हा शब्द लोकांनी शिवी म्हणून वापरला, म्हणून हे लोक तो मुद्दाम मिरवतात. आमच्यातला बेकरीवाला तर आत्तापासूनच पावावर चेटकिणीची केरसुणी काढतो.

तेव्हा तयारीत राहा. वर्षभराने तुझी भाची रीतसर चेटकीण होणार. आपल्या घरातली पहिली! आईला अजून बोलले नाही. तू आलीस की तूच सांग. तुझ्या तोंडून तिला तो शब्द कमी लागेल.

काचा घासणारी मुलगी परत कधी येते? त्याप्रमाणे तारीख ठरवू.

तुझी,
मोजपट्टी

९ मे

प्रिय मावशी,

तुझं उत्तर आलं नाही. एप्रिलच्या शेवटी मी एक साधं कार्ड टाकलं होतं, त्याचंही नाही. दुकानात फोन केला तर तू उचललास, माझा आवाज ऐकून म्हणालीस, "गिऱ्हाईक आहे." मागे कसलाही आवाज नव्हता.

मी विचार केला आणि माझा निष्कर्ष असा की मी अंधश्रद्धेच्या नादी लागले असं तुला वाटतं. ते चूक आहे, म्हणून स्पष्ट करते. मी ऑपरेशन रद्द करायला सांगितलेलं नाही. आईच्या उशाखाली काहीही ठेवलेलं नाही. रक्ताचे सगळे अहवाल वेळेवर झाले आहेत. वर्गात मी शांत बसते, एवढंच. तिथून आल्यावर मला झोप लागते. औषधाच्या गोळीने तेवढंच झालं असतं तर तुझा आक्षेप नसता.

तरीही तुला तो वर्ग नको असेल तर मी सोडते. हे मी सहज लिहीत नाही. पण तू ये. मला ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर एकटीने बसायचं नाही आणि हे सांगायला माझ्याकडे दुसरं कुणी नाही.

तुझी,
मोजपट्टी

१८ मे

प्रिय बाळ,

वर्ग सोडू नकोस. तुझं काही चुकलं नाही. तू लिहिलंस ते वाचून मी पत्र पालथं घातलं आणि दुकानाचं शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी उघडलं. पण तुला काय लिहावं ते सुचेना.

तू घरातली पहिली नाहीस.

तुझ्या आधी एक बाळ होतं, हे तुला माहीत आहे. ते कसं गेलं ते कुणी तुला सांगितलं नसेल. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ताई कामावर जायची म्हणून बाळाला सांभाळायला मला बोलावून घेतलं होतं. तीन महिन्यांचा होता. दूध प्यायला, मी खांद्यावर घेऊन ढेकर काढला, झोपवला. शेजारीण डोकावली तेव्हा मी तिला म्हटलंसुद्धा, "बघा ना, किती शहाण्यासारखा झोपलाय." मग मी कपडे वाळत घालायला गच्चीत गेले. आल्यावर हात लावला तर गार.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, झोपेतच. कुणाचा दोष नसतो. ते ऐकायला तिथे कुणी शुद्धीवर नव्हतं.

ताई आली. खोली माणसांनी भरलेली. तिने बाळाला उचललं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चेटकीण आहेस तू. तू नजर लावलीस. तू खाल्लंस माझं पोर." ओरडली असती तर मी दुःखाचा भर म्हटलं असतं. ती हळू बोलली. त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

पुढचं काम गल्लीने केलं. वाणी सुटे पैसे माझ्या हातात न देता फळीवर ठेवू लागला. मी जिन्यात दिसले की बायका मुलांना पदराआड घ्यायच्या. एकीने तोंडावर विचारलं, "आणि तुझं लग्न ठरलं तर आम्ही आमची पोरं घेऊन यायचं की नाही गं?" तुझे बाबा मला गाडीत बसवून द्यायला आले. पिशवी वर ठेवली, खिडकीशी उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तू झालीस तेव्हा मात्र त्यांनीच गुपचूप कळवलं. ते गेल्यावर तू लिहायला लागलीस. तुला लिहिलेली पत्रं तरी घरी कशी पाठवू? पाकिटावरचं माझं अक्षर तिने ओळखलं असतं.

मी कुणाचं मूल कधी मांडीवर घेतलं नाही. दुकानात लहान पोर चष्म्याला आलं की नंबर मी काढते, पण चष्मा त्याच्या आईला चढवायला सांगते. बघ, नजर लावते म्हणून हाकलली आणि जन्म गेला लोकांच्या नजरा नीट करण्यात. हसू येतं कधी कधी. खरंच येतं.

तुझ्या त्या बाईंना सांग, शब्दाचं त्या म्हणतात ते बरोबर आहे.

आता माझ्या येण्याचं. तो शब्द ज्या तोंडातून निघाला त्याच्यासमोर मी कशी उभी राहू? तिचं काळीज आधीच दुबळं आहे. मला दारात बघून तिला काही झालं तर लोक काय म्हणतील ते राहू दे, मी काय म्हणेन?

मावशी

२७ मे

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सांत्वनाचं काही लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ते मी करत नाही, तुला माहीत आहे. म्हणून जे लिहिता येतं ते लिहिते.

एक. 'पुरावा नाही' हा माझा शेरा मी मागे घेते. एक शब्द एकदाच, हळू आवाजात उच्चारला गेला. माझा हिशोब असा की तो त्या खोलीच्या भिंतीपर्यंतसुद्धा धड पोचायला नको होता. तो माझ्या वयाहून जास्त वर्षं काम करतो आहे. आम्ही पेला आणि पीस मांडून जे शिकतो आहोत ते आपल्या घरात कुणीही न शिकता करून दाखवलं.

मी बाईंना सांगितलं, की वर्ष पुरं करेन पण तो शब्द स्वतःला लावणार नाही. मिरवणं ज्यांना परवडतं त्यांनी मिरवावं. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणाल्या, "मग तुम्ही खरं शिकलात." मला ही स्तुती नको होती.

दोन. मी आईला विचारलं. तुला न विचारता केलं, पण तुझ्यासमोर तिला काही होईल की नाही हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा आधी पाहणं बरं, असं मला वाटलं. ती चादरींच्या घड्या घालत होती. मी सरळ म्हटलं, "बाळ गेलं तेव्हा तू मावशीला चेटकीण म्हणालीस?"

ती म्हणाली, "कोण म्हणतं?"

मी म्हटलं, "म्हणालीस का?"

"मला नाही आठवत. त्या दिवसांतलं मला काहीच आठवत नाही." मग म्हणाली, "तुझ्या चहात साखर घातली नाहीये, घालून घे."

तिचा श्वास नेहमीसारखाच होता. एकच चादर तिने घडी करून पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी केली, हल्लीच्या गोळ्यांनी ती विसराळू झाली आहे.

मला दुसरं काही लिहिता आलं असतं. तिला पश्चात्ताप होतो, ती रडली, तुझी वाट बघते आहे. असं लिहिलं तर तू पहिल्या गाडीने येशील हे मला कळतं, आणि एक पत्र मी तसं लिहूनही काढलं. मग तो एकुलता एक नियम लावून पाहिला. कुणाला इजा होत नसेल तर. तू आली असतीस आणि तिच्या तोंडून पश्चात्ताप ऐकायची वाट बघत बसली असतीस. ते पत्र मी फाडलं.

तिला आठवत नाही. तरीही ये, असं मी म्हणते. निर्णय तुझा.

तुझी,
मोजपट्टी

३ जून

प्रिय मोजपट्टीस,

तुझं पत्र वाचून मी आधी भांडी घासली. सगळी, स्वच्छ होती तीसुद्धा.

आठवत नाही म्हणते! मी त्या एका शब्दासाठी गल्ली सोडली, गाव सोडलं, लग्न सोडलं, आणि बाईसाहेबांना आठवत नाही. इतका राग आला की विचारू नकोस. मग संध्याकाळपर्यंत तो राग कुठे गेला कळेना. तिच्याकडे तो शब्दच नसेल तर मी इतकी वर्षं तिला घाबरत होते ती कशाला?

ते दुसरं पत्र फाडलंस ते चांगलं केलंस. पाठवलं असतंस तर मी ओळखलं असतं. ताई आणि रडेल!

येते. तिच्याजवळ तो विषय काढायचा नाही, तूही नाही आणि मीही नाही. नसलेली गोष्ट तिला परत द्यायला मी येत नाहीये. बाकावर तुझ्याशेजारी बसेन, ती शुद्धीवर आली की तोंड दाखवेन आणि दुकान उघडायला परत येईन. स्टेशनवर येऊ नकोस, मला दवाखाना सापडेल.

मावशी

२४ जून

प्रिय मावशी,

आई काल घरी आली. टाके कोरडे आहेत. जिना चढताना एकदाच थांबली. झडपेचा आवाज मी कान लावून ऐकला, नियमित आहे. या वेळी मी पास केलं.

तू बाकावर बसलीस त्याबद्दल आभार मानायचे आहेत आणि ते कसे मानतात हे मला येत नाही. तू निम्मा वेळ झोपली होतीस आणि तुझं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं होतं. मला ते हलवायचं नव्हतं.

तू आत गेलीस तेव्हा मी दारातच थांबले, म्हणजे मला सगळं दिसत होतं. आईने तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "केवढी वाळलीस." तू म्हणालीस, "तू कुठे मोठी पैलवान लागून गेलीस." मग तू तिचे केस विंचरलेस. तू कबूल केल्याप्रमाणे विषय काढला नाहीस. मीही नाही. सगळं ठरल्याप्रमाणे झालं, असं मी समजत होते.

उपयोग आहे का, या तुझ्या प्रश्नावर माझं मत अजून पक्कं नाही. मी गुरुवारी जाणार आहे. गप्प बसण्याचे दोन प्रकार असतात आणि मला आजवर एकच येत होता, एवढं सध्या लिहून ठेवते. दुसरा काल मला उपयोगी पडला. तो असा.

आईला अंथरुणावर टेकवलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली. मी उठणार तेवढ्यात म्हणाली, "तिला लिहितेस ना तू? कारखान्यातून."

मी हो म्हटलं. तिला हे कधीपासून माहीत होतं ते मी विचारलं नाही. एरवी विचारलं असतं. गप्प बसून राहिले.

खोलीत अंधार पडत गेला. मी उठले नाही आणि दिवाही लावला नाही. मग तिने भिंतीकडे बघतच विचारलं, "मी तिला काय म्हणाले होते, ते तिने तुला सांगितलं?"

मी पुन्हा हो म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

तिने पांघरूण वर ओढलं. छातीवरच्या टाक्यांपाशी तिचा हात क्षणभर अडला. "तिला पत्र लिही."

मी विचारलं, "काय लिहू?"

ती म्हणाली, "मला आठवतं, एवढंच लिही."

मी ते तिच्याच शब्दांत लिहिते आहे. माझा त्यात एकही शब्द नाही. आईला आठवतं.

तुझी,
मोजपट्टी